याच्यावर प्रश्न आहेत का?

बदली होऊन मी जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत गेले, तेव्हा तिथली गोष्टीची पुस्तकं लोखंडी कपाटात होती. शिक्के मारलेली, क्रमांक टाकलेली, कोरी करकरीत. मुलांना का देत नाही, म्हणून विचारलं तर सरांनी जडवस्तू नोंदवही पुढे केली. "बाई, एक जरी फाटलं तर तपासणीला मी काय सांगू?" त्यांचंही खरंच होतं. 15 ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी पुस्तकं बाहेर यायची, फोटो निघून ग्रुपवर जायचा आणि पुस्तकं मोजून परत आत.

मुलांना ठाऊक असलेलं वाचन म्हणजे उभं राहून धडा वाचायचा, अडखळलं की मागून खसखस, आणि धडा संपला की स्वाध्याय. तिसरीतल्या एका मुलीपुढे मी चित्रांचं पातळसं पुस्तक ठेवलं. तिने आधी शेवटचं पान उघडलं. "बाई, याच्यावर प्रश्न आहेत का?" नाहीत म्हटलं तरी तिला पटेना. पानन् पान चाळून खात्री करून घेतली आणि मगच ती पहिल्या पानावर आली. मुलांना वाचनाची आवड नाही, अशी तक्रार आपण करतो. त्यांना नकोसं असतं ते बहुधा वाचनानंतरचं विचारणं.

सरांच्या नोंदवहीला धक्का न लावता सुरुवात केली. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर'वर मुक्त परवान्याच्या मराठी गोष्टी मिळतात. बालभारतीच्या 'किशोर'चे अगदी 1971पासूनचे जुने अंक फुकट उतरवून घेता येतात. जुन्नरला जाऊन त्यांच्या प्रती काढल्या आणि मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर सुतळीला चिमट्यांनी लावल्या. फाटलं तर फाटलं. खिचडीनंतर मी रोज मोठ्याने वाचायचे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे ऐन अडचणीत सापडला की पुस्तक मिटायचं. मग पोरं दुसऱ्या दिवसापर्यंत मैदानात 'ट्टॉक्' करत हिंडायची. वाचून झाल्यावर एकही प्रश्न विचारायचा नाही, हा नियम पाळणं मला सगळ्यात जड गेलं. शिक्षकाच्या जिभेला ती सवयच असते.

चौथीतला एक मुलगा मात्र गोष्टींकडे ढुंकूनही बघत नव्हता. हिरड्याच्या दिवसांत तो घरच्यांबरोबर रानात असायचा, त्यामुळे दांड्याही पुष्कळ. त्याच्या हाती सापांवरची एक पुस्तिका लागली. चित्र बघून तो आधी "मण्यार" म्हणाला आणि नंतर खाली वाकून 'ण्या' कसा लिहिलाय ते बोटाने तपासू लागला. एरवी जोडाक्षर आलं की गप्प होणारा हा मुलगा! पुढे फुरशाच्या चित्रावर त्याने हरकतही घेतली: "आमच्या रानातलं एवढं पिवळं नसतं." त्यानंतर मी बोधकथांच्या प्रती आणणं जवळजवळ बंदच केलं. आपल्याकडे बालसाहित्य म्हटलं की उपदेश हवाच असं का वाटतं कोण जाणे. मुंगी, बेडूक, पाऊस, ट्रॅक्टर यांच्यावर सरळ माहिती देणारी पुस्तकं मुलं मिटक्या मारत वाचतात.

सगळेच वाचू लागले असं नाही. दोघं-तिघं शेवटपर्यंत चित्रांवरच राहिली, आणि परीक्षेचे गुणही काही लगेच उसळी मारून वर गेले नाहीत. पण पावसाळा संपता संपता सरांनी आपण होऊन कपाट उघडलं आणि वर्षअखेरीला जीर्ण पुस्तकांच्या निर्लेखनाची यादीही करायला घेतली.

त्याच सुमारास केंद्रप्रमुख साहेब आले. दोरीखाली फतकल मारून बसलेल्या एका दुसरीतल्या पोराला त्यांनी प्रेमाने विचारलं, "काय बाळ, या गोष्टीतून काय शिकलास?"

"थांबा ना साहेब, अजून निम्मी राहिलीय."

साहेब मनापासून हसले. शेरेबुकात मात्र लिहून गेले, 'उपक्रम स्तुत्य. विद्यार्थ्यांकडून प्रत्येक गोष्टीचे तात्पर्य लिहून घ्यावे.'