चाकणचा बुरूज आणि गाडीचा पत्रा

चिंचवडास पवनेच्या तीरीं श्रीमोरया गोसावींच्या समाधीचें दर्शन घेऊन आम्ही सहकुटुंब चाकणचा किल्ला पाहावयास निघालों होतों. पूर्वीं शेतामळ्यांचा असलेला हा मुलूख आतां ओळखूं येत नाहीं. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें, आणि पुढें थेट चाकणपर्यंत मोटारींचे कारखाने उभे राहिले. मोशीजवळ इंद्रायणी ओलांडली, तोंच आमच्या गाडीच्या पोटाखालीं खडखडाट सुरू झाला.

गाडी उंच बांध्याची आणि चांगली बारा पावसाळे पाहिलेली. चिरंजीवांनीं उतरून वांकून पाहिलें. इंजिनाचें तेलपात्र दगडधोंड्यांपासून वांचविणारा लोखंडी पत्रा एका बाजूनें लोंबत होता. चार बोल्टांपैकीं एक गंजून तुटला होता. दुसरा मागें तेल बदलतांना कोणीं तरी बसविलाच नव्हता.

हळूहळू गाडी चाकणांतील एका गॅरेजांत नेली. मीं मिस्त्रीस म्हटलें, "तारेनें बांधून द्या. खालीं कोण पाहणार आहे?"

तो तरुण नम्रपणें म्हणाला, "काका, वेगांत तार तुटून पत्रा चाकाखालीं गेला, तर? गाडींत पोर आहे."

मी निरुत्तर झालों. वहीचें मागचें पानहि स्वच्छ ठेवा, असें पस्तीस वर्षें मुलांना सांगत आलेला मनुष्य मी!

गंजलेल्या बोल्टांत तेल मुरावयास तासभर लागणार होता. तेवढ्यांत नातवास घेऊन संग्रामदुर्ग पाहिला. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यांनीं शाइस्तेखानाच्या अफाट फौजेपुढें हा भुईकोट सुमारें ५६ दिवस लढविला. तोफांना जें साधलें नाहीं, तें अखेर भुयारानें साधलें. मोगलांनीं बुरुजाखालीं सुरुंग लावून तो उडविला आणि किल्ला पडला. नातू पडक्या तटाकडे पाहत म्हणाला, "म्हणजे वरून नाहीं, खालून!"

परत आलों तेव्हां मिस्त्रीनें तुटक्या बोल्टाचा तुकडा भोंक पाडून काढला होता व सांगाड्यांतील आटे नव्यानें पाडले होते. नवे बोल्ट जस्ताचा मुलामा दिलेले होते. जस्त आधीं आपण झिजतें व लोखंडास वांचवितें. बोल्टांच्या माथ्यावर ८.८ असा अंक होता. पहिला आठ ८०० मेगापास्कल ताणशक्ति दाखवितो; दुसरा, त्या शक्तीच्या ८० टक्क्यांपर्यंत ताण आला तरी बोल्ट कायमचा लांबत नाहीं, असें सांगतो. त्यानें चारहि बोल्ट प्रथम हातानें लावले, मग समोरासमोरचे क्रमानें आवळले. एकच आधीं घट्ट केला, तर पत्रा वांकडा बसून बाकीच्यांचे आटे बिघडतात, असें तो म्हणाला. पत्र्याचीं पाणी निघून जाण्याचीं भोंकें मोकळीं राहिलीं पाहिजेत, आणि पावसाळा संपतांच त्यावर सांचलेला चिखल धुतला पाहिजे. ओला चिखल हाच गंजाचा आश्रय, हेंहि त्यानें बजाविलें.

वाचकांनींहि तेल बदलून घेतल्यावर पैसे देण्यापूर्वीं एकदां वांकून बोल्ट मोजावेत. त्यांत कमीपणा नाहीं.

निघतांना मीं वांकणार, तोंच नातू पुढें झाला. "आजोबा, चारहि आहेत," तो म्हणाला. मग आम्ही गाडींत बसलों.