ए.एन.एम. ते बी.एस्सी. : आमच्या तेरा वर्षांचा हिशोब



आपल्या वस्तीत पांढरा कोट घालून दवाखान्यात जाणारी प्रत्येक पोरगी नर्स असते. तिने सहा महिन्यांचा कोर्स केलेला असो की चार वर्षांची पदवी घेतलेली असो, शेजारच्या काकू तिला सलाईन लावायलाच बोलावतात. इंदोऱ्यातल्या एकाच गल्लीतल्या आम्ही तिघी मैत्रिणीही अशाच नर्स होतो. आमच्या कागदावर मात्र ‘सहायक परिचारिका प्रसाविका’ असे लिहिलेले होते, म्हणजे ए.एन.एम. २००४ साली आम्ही त्या झालो आणि २०१७ साली आमच्या हाती बी.एस्सी. नर्सिंगची पदवी पडली. मधली तेरा वर्षे किती कष्टाची होती हे सांगून कुणाची सहानुभूती मिळवायची नाही. एवढी वर्षे का लागली आणि आजच्या पोरीला ती किती कमी लागू शकतात, हे सांगावे म्हणून आम्ही तिघींनी मिळून हे लिहायला घेतले.

एकीचे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते, ते घरी बसले होते. दुसरीची आई बिड्या वळायची. तिसरीचे वडील सायकलरिक्षा चालवत. अशा घरात दहावी झालेल्या मुलीपुढे प्रश्न एकच असतो, पगार कधी सुरू होईल? तेव्हा ए.एन.एम.ला दहावी पुरत असे आणि कोर्स दीड वर्षाचा होता. विज्ञान घ्यावे, बारावी करावी, चार वर्षांच्या पदवीला जावे, असे सांगणारे घरात कुणी नव्हते आणि असते तरी तितके थांबायची सोय नव्हती. आम्ही ए.एन.एम. केले आणि लगेच कामाला लागलो. दोघी शहरातल्या खाजगी दवाखान्यांत, आणि एक पुढे कुही तालुक्यातल्या एका उपकेंद्रात कंत्राटावर.

ए.एन.एम.ला कमी लेखणाऱ्यांशी आमचे पटत नाही. पाच हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, आदिवासी भागात तीन हजारांमागे एक, आणि त्यात ही एक बाई. लसीचा डबा खांद्याला, नोंदवह्या पिशवीत, रात्री-बेरात्री बाळंतपण. आपल्या देशात हे प्रशिक्षण १९५१ साली पंजाबातल्या तरनतारनच्या मिशन दवाखान्यात सुरू झाले. खेड्यांना बाया लवकर आणि स्वस्तात हव्या होत्या, म्हणून अभ्यास आखूड ठेवला आणि नावामागे ‘सहायक’ जोडले. पुढे चढायला शिडी मात्र नीट ठेवली नाही. बढती म्हणजे आरोग्य सहायिका, तीही केसं पांढरी व्हायला लागल्यावर, आणि कंत्राटी बाईला तर तीही नाही.

पगार कमी म्हणून शिकलो, हे अर्धे खरे. उरलेले अर्धे असे की आम्हाला काम कसे करायचे ते येत होते, पण ते तसेच का करायचे हे कुणी शिकवलेले नव्हते. सलाईनचेच घ्या. सिस्टर म्हणेल तेवढे थेंब आम्ही सोडत असू. पुढे जी.एन.एम.च्या वर्गात गणित कळले : पाचशे मिलिलिटर आठ तासांत द्यायचे, साध्या नळीतून एका मिलिलिटरचे वीस थेंब पडतात, तर मिनिटाला साधारण एकवीस. एवढी साधी गोष्ट! पण ती कळल्या दिवसापासून आम्ही घड्याळाकडे पाहून थेंब मोजू लागलो आणि कुणाच्या तोंडाकडे पाहायची गरज उरली नाही.

शिकायचे ठरले तेव्हा पहिला अडथळा बारावीचा आला. तो आम्ही सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून कला शाखेची परीक्षा देऊन २००७ साली पार केला. विहाराच्या अभ्यासिकेत रात्रपाळी नसेल त्या दिवशी बसायचे, असे ठरलेले. आजूबाजूला एम.पी.एस.सी.ची पोरे. त्यांतल्या एकाने इंग्रजीचा पेपर आमच्याकडून इतक्यांदा सोडवून घेतला की शेवटी तोच कंटाळला.

त्यानंतर नियमांची गाठ. ही गाठ अजून कित्येक घरांत सुटलेली नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ए.एन.एम. झालेली मुलगी थेट पोस्ट बेसिक बी.एस्सी.ला जाऊ शकत नाही. आधी जी.एन.एम. करावे लागते, मग परिचर्या परिषदेकडे नोंदणी, आणि मग दोन वर्षांचे पोस्ट बेसिक. चार वर्षांची मूळ बी.एस्सी. करायची तर बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे. आमच्यासारख्या कला शाखेवाल्यांना ते दार बंद. मात्र जी.एन.एम.ला बारावी कोणत्याही शाखेची चालते, आणि नोंदणी झालेल्या ए.एन.एम.ला वयाची अट नाही. हे वाक्य तुमच्या घरातल्या पस्तिशीच्या आरोग्य सेविकेला जरूर वाचून दाखवा. पुष्कळ बाया ‘आता वय गेलं’ म्हणून विचारायलाही जात नाहीत. आमच्या वेळी जी.एन.एम. साडेतीन वर्षांचे होते, आता ते तीन वर्षांचे आहे. म्हणजे आज ए.एन.एम. झालेली मुलगी पाच वर्षांत पदवीपर्यंत पोहोचू शकते. प्रवेशपरीक्षेचे नियम मात्र बदलत असतात, ते त्या त्या वर्षी पाहून घ्यावेत.

दुसरा अडथळा माणसांनी घातलेला होता. आमच्यातली एक ज्या खाजगी दवाखान्यात होती, त्यांनी नोकरीला घेताना तिची मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली होती. प्रवेशासाठी ती मागितली तर आज देतो, उद्या देतो. साहेब बाहेरगावी आहेत. कपाटाची किल्ली सापडत नाही. शेवटी तिचे वडील आणि वस्तीतले चार जण जाऊन दिवसभर त्या दवाखान्याच्या बाकावर बसले. भांडण नाही, घोषणा नाही, नुसते बसले. संध्याकाळी किल्ली सापडली.

घरचे म्हणाल तर प्रत्येकीचे वेगळे. एकीची सासू म्हणायची, ‘‘लेकरू झाल्यावर कोनी शाळेत जाते काय, बाई?’’ तिच्याच सासूने पुढे ते लेकरू तीन वर्षे सांभाळले, हेही लिहिले पाहिजे. एकीच्या नवऱ्याला पोळ्या लाटाव्या लागल्या. त्या कधी गोल झाल्या नाहीत, आणि त्याबद्दल तो अजून आम्हालाच बोल लावतो.

आमच्या आज्यांपैकी दोघी खेड्यात सुईणपण करत. सवर्णांच्या घरी अडलेल्या बाईला मोकळी करायला आजी चालायची, नाळ तिनेच कापायची, घाण तिनेच काढायची. मग ती गेल्यावर घर शिंपडून घ्यायचे. मोबदला म्हणजे पायलीभर ज्वारी, कधी जुने लुगडे. हेच काम पांढऱ्या कपड्यात आले तेव्हा त्याला सेवा म्हणू लागले. तरी बराच काळ नर्सचे काम हलकेच मानले जाई. आपल्या नागपुरात कमलाताई होस्पेट या बालविधवेने नर्सचे शिक्षण घेऊन १९२१ साली मातृ सेवा संघ सुरू केला, तेव्हा त्यांनाही समाजाचे बोल ऐकावे लागले. आमच्या आज्यांकडे हात होता, अनुभव होता, कागद नव्हता. आणि कागद नसलेल्या बाईचे ज्ञान कुणी ज्ञान मानत नाही.

जुलै १९४२ मध्ये याच नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या आणि परमपूज्य बाबासाहेब बोलायला उभे राहिले. मुलींना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका, असे त्यांनी हजारो बायांना सांगितले. आमच्यातल्या एकीची पणजी त्या गर्दीत होती, असे घरात सांगतात. तिला लिहिता येत नव्हते. दहावीनंतर लग्न नको, असे त्या घरात तिने बजावून ठेवले होते, आणि तिच्या पश्चात तिच्या नातसुनेने ते पाळले.

जी.एन.एम. २००८ ते २०१२. मग परिषदेकडे नोंदणी, पुन्हा नोकरी, थोडे पैसे साठवणे. पोस्ट बेसिक २०१५ ते २०१७. इंग्रजीची भीती जी.एन.एम.मध्येच मोडली होती. शब्दांची वही केली होती. एका बाजूला इंग्रजी शब्द देवनागरीत, दुसऱ्या बाजूला आपल्या वऱ्हाडी-नागपुरी बोलीत त्याचा अर्थ. ती वही आता पाचव्या मुलीकडे गेली आहे. पोस्ट बेसिकमध्ये मानसशास्त्र आले, समाजशास्त्र आले, सूक्ष्मजीवशास्त्र, वॉर्डाचे प्रशासन, शिकवण्याचे शास्त्र, संशोधन आणि संख्याशास्त्र. संख्याशास्त्राने तिघींनाही रडवले.

पण या सगळ्या शिक्षणातले आपल्या समाजाच्या सर्वांत जवळचे जर काही असेल तर ते सिकलसेल. गल्लीतल्या एका मुलीचे हातपाय दुखायचे, डोळे पिवळे दिसायचे. कुणी वात म्हणे, कुणी कावीळ उतरवायला नेई. हा आजार विदर्भात, आपल्या समाजात आणि आदिवासींत जास्त आढळतो, हे नवे नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ सालीच मध्य भारतातल्या सिकलसेलवर लॅन्सेट या जगप्रसिद्ध नियतकालिकात लिहिले होते. ते आमच्या गल्लीपर्यंत पोहोचायला इतकी वर्षे लागली. वर्गात आम्ही शिकलो की आई आणि वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मूल आजारी होण्याची, दोन शक्यता वाहक होण्याच्या, एक शक्यता पूर्ण निरोगी मुलाची. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो, म्हणून त्याला पत्ताच नसतो.

आम्ही त्या मुलीच्या घरच्यांना तपासणीला नेले. आधी साधी द्राव्यता चाचणी, मग इलेक्ट्रोफोरेसिस. मुलगी रुग्ण निघाली, भाऊ वाहक. औषध सुरू झाले, दुखण्याचे झटके कमी झाले. खरा पेच पुढे आला. भावाचे लग्न ठरत होते. मुलीकडच्यांना सांगावे की लपवावे? घरात दोन दिवस चूल नीट पेटली नाही. शेवटी त्याने स्वतःच नियोजित वधूला सांगितले आणि तिनेही रक्त तपासून घेतले. ती वाहक नव्हती. लग्न झाले. ती वाहक निघाली असती तर? तरी दोघांना कळून-समजून ठरवता आले असते. पत्रिका जुळवणे आपण १९५६ साली सोडले. रक्ताची ही एक चिठ्ठी मात्र लग्नाआधी दोन्ही घरांनी पाहावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आहे. सरकारी दवाखान्यात जाऊन तपासणी विचारा.

तथागतांनी जुलाबाने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या एका भिक्खूला आनंदाच्या मदतीने धुतले, उचलून बिछान्यावर निजवले, ही विनयातली कथा सगळ्यांना ठाऊक आहे. ती आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. वॉर्डात बेडपॅन उचलताना ती आठवते. आणि हेही आठवते की त्यांनी आधी विचारले होते : तुला काय आजार आहे, आणि तुझ्याकडे कुणी का पाहत नाही?

आता पैशाचे. २०२३ च्या जाहिरातींत जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविकेचे मूळ वेतन २५,५०० रुपयांपासून होते आणि वैद्यकीय शिक्षण खात्याच्या अधिपरिचारिकेचे ३५,४०० पासून. केंद्राच्या एम्समध्ये, आपल्या मिहानच्या एम्ससुद्धा, नर्सिंग ऑफिसरचे ४४,९०० पासून. आमच्यातली एक आज सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे, एक उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी, अजून कंत्राटावरच, आणि एक नर्सिंगच्या शाळेत शिकवते. कंत्राटाचे दुखणे पदवीने बरे झाले नाही, हे खरे. त्याला दुसरेच औषध लागेल, आणि ते संघटनेच्या दुकानात मिळते.

फीसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. बाहेरगावाहून नागपुरात शिकायला येणाऱ्या आणि वसतिगृह न मिळालेल्या मुलींनी स्वाधार योजनेची चौकशी करावी. दोन्हींना जातीचा दाखला लागतो, आणि जातवैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो, म्हणून ते काम बारावीतच सुरू करावे. बौद्धांना केंद्रातल्या सवलती १९९० च्या कायद्याने मिळाल्या, पण केंद्राच्या नोकरीसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा लागतो. ऐनवेळी धावपळ करणाऱ्या पोरी आम्ही दरवर्षी पाहतो.

आणि ‘नर्सिंग कोर्स, सहा महिने, शंभर टक्के नोकरी’ अशा पाट्यांपुढे थांबा. विचारा की संस्थेला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे काय, परीक्षा राज्याचे शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते काय, पदवी असेल तर ती नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची आहे काय. उत्तर गुळमुळीत आले तर पैसे खिशातच ठेवा. अशा कोर्सवर नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नसलेली मुलगी जन्मभर दुसऱ्याच्या सांगण्यावर थेंब सोडत राहते.

रविवारी वंदना आटोपली की आम्हा तिघींपैकी जिची ड्यूटी नसेल ती विहाराच्या अभ्यासिकेत बसते. ज्यांना फॉर्म भरायचा आहे, त्यांनी दहावी-बारावीची गुणपत्रिका, ए.एन.एम. असल्यास नोंदणीचा कागद आणि जातीचा दाखला घेऊन यावे. झेरॉक्स आणाव्यात, मूळ कागद घरीच ठेवावेत.