धागा : सज्ज्यातला माणूस आणि गाढवाची गोष्ट

१/ बाप, मुलगा आणि गाढव ही गोष्ट आपण सर्वांनी बालपणी ऐकली आहे. गाढवावर कोणीही बसो, लोक नावे ठेवतातच. याच गोष्टीच्या आधारे एका चित्रकाराने स्वतःविषयीचे सत्य जगासमोर मांडले. त्यांचे नाव भूपेन खख्खर.

२/ जन्म १९३४, मुंबई, कुटुंब गुजराती. शिक्षणाने ते सनदी लेखापाल. १९६२ मध्ये ते बडोद्यास गेले. उपजीविकेसाठी हिशेब तपासत आणि उरलेल्या वेळात शिंपी, न्हावी, घड्याळजी यांची चित्रे रंगवत. आपले प्रेम पुरुषांवर आहे, हे मात्र त्यांनी दीर्घकाळ उघड केले नाही.

३/ १९८१ मध्ये ‘यू कान्ट प्लीज ऑल’ हे चित्र आले. सज्ज्यात एक नग्न पुरुष उभा आहे. खाली गावात बाप, मुलगा आणि गाढव पुन्हा पुन्हा दिसतात. संपूर्ण कथा एकाच चित्रात, चौकटींवाचून.

४/ ही रीत आपल्या जिल्ह्याला परकी नाही. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यातील विश्वंतर जातक पाहा. तेथेही तोच राजपुत्र एकाच भिंतीवर प्रसंगाप्रसंगातून पुढे जातो.

५/ १९८२ च्या ‘टू मेन इन बनारस’मध्ये दोन नग्न पुरुष परस्परांच्या मिठीत आहेत आणि भोवती काशीचे नित्याचे जीवन चालू आहे. फिनलंडचे टूको लाक्सोनेन समलिंगी शृंगाराच्या चित्रकथा ‘टॉम’ या टोपणनावाने काढीत. भूपेन यांनी असा आडोसा घेतला नाही. तोही १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ लागू असताना. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना सर्वोच्च न्यायालयाने त्यातून वगळले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी. भूपेन २००३ मध्येच गेले होते.

६/ आता एक कबुली. एम.ए.च्या चर्चासत्रासाठी मी त्यांच्यावर निबंध लिहिला होता. वाचनाच्या आदल्या रात्री ‘ते समलिंगी होते’ हे वाक्य खोडून ‘खासगी आयुष्याची छाया’ असे मोघम शब्द घातले. कोणी सांगितले नव्हते. वर्गात कुजबुज होईल आणि ती माझ्याभोवतीच फिरेल, एवढीच भीती होती.

७/ इतिहासातील मौन नेहमी सत्ताधीशच लादतात असे नाही; कधी ते आमच्यासारख्यांच्या लेखणीतूनही उतरते. निबंध पुन्हा लिहिला आहे. ते वाक्य आता पहिल्याच परिच्छेदात आहे.