स्वीडनमध्ये आधी बायका जिंकल्या

स्वीडन म्हटलं की आपल्याकडे आधी बोफोर्स आठवतं, मग नोबेल. गोल्फ कुणालाच आठवत नाही. साहजिकच आहे. हिवाळाभर जिथे बर्फ आणि अंधार, तिथे हिरवळीवरचा खेळ काय रुजणार? पण आकडे बघा. लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर, म्हणजे आपल्या मुंबईपेक्षा कमी. त्यात गोल्फ क्लबांचे सभासद पाच लाखांच्या वर. दर वीस माणसांमागे एक!

नोकरीनिमित्त मी तीन वर्षं गोथेनबर्गला होतो. आमच्या ऑफिसातला एक टेस्टर आणि शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी त्याची बायको, दोघंही क्लबचे सभासद. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे कामावरून सुटले की थेट मैदानावर. कॅडी वगैरे भानगड नाही, आपली बॅग आपणच ओढायची. नवख्याला आधी 'ग्रीन कार्ड' काढावं लागतं, आपल्या लर्निंग लायसन्ससारखं. खेळ फुकट नाही, पण साहेबांपुरताही नाही.

मला मात्र यापेक्षा वेगळीच गोष्ट सांगायची आहे. या देशात मोठं यश आधी बायकांनी मिळवलं. 1988 मध्ये लिसेलोट नॉयमानने अमेरिकेची महिला ओपन जिंकली. पुरुषांची पहिली मेजर स्पर्धा आली 2016 मध्ये, हेन्रिक स्टेन्सनने रॉयल ट्रूनवर ब्रिटिश ओपन जिंकली तेव्हा. शेवटच्या दिवशी त्याने 63 चा खेळ केला, फिल मिकेलसनला तीन फटक्यांनी मागे टाकलं. मधली 28 वर्षं! तोवर स्वीडिश बायकांच्या नावावर 13 मेजर जमा झाल्या होत्या, त्यातल्या 10 एकट्या अन्निका सोरेनस्टामच्या.

अन्निका आणि तिची धाकटी बहीण शार्लोटा, दोघींत गोल्फच्या काठ्यांचा पहिला संच एकच होता. विषम आकड्यांच्या काठ्या एकीच्या, सम आकड्यांच्या दुसरीच्या. पुढे दोघीही अमेरिकन टूरवर जिंकल्या. अन्निका लहानपणी इतकी लाजाळू, की जिंकल्यावर भाषण करावं लागू नये म्हणून शेवटी मुद्दाम पट चुकवायची. कोचांच्या ते लक्षात आलं. ते रागावले नाहीत, उपदेशही केला नाही. पुढच्या स्पर्धेत त्यांनी पहिल्या आणि दुसऱ्या, दोघांनाही बोलायला लावलं. मग अन्निकाने ठरवलं, बोलायचंच आहे तर जिंकूनच बोलू! याच मुलीने 2001 मध्ये एका फेरीत 59 चा खेळ केला. तिथवर त्याआधी कुठलीही महिला पोचली नव्हती.

आता 2022 चा जून. अन्निका आणि स्टेन्सन यजमान असलेली स्पर्धा, हाल्मस्टाडला. बायका आणि पुरुष एकाच मैदानावर, एकाच गुणफलकावर, बक्षीसही एकच. 22 वर्षांची लिन ग्रँट नऊ फटक्यांनी जिंकली. दुसऱ्या जागेवरच्या दोघांपैकी एक खुद्द स्टेन्सन! पुरुषांच्या युरोपियन टूरची स्पर्धा जिंकणारी ती पहिली बाई. बायकांचा टी पुढे होता, हे खरंय. शारीरिक ताकदीतला फरक तेवढ्याने भरून काढला, पुढचं कौशल्यावर. आणि नऊ फटक्यांचं अंतर काही टीमुळे पडत नाही.

सोमवारी ऑफिसात मी कान देऊन ऐकत होतो. चर्चा चालली होती तिच्या पटिंगची. 'बाई असून जिंकली' हे वाक्य कुणाच्याच तोंडी आलं नाही.

स्वीडनमध्ये सगळं गोडगोड आहे असं मी म्हणत नाही. यातले बरेच खेळाडू पुढे अमेरिकन विद्यापीठांत जाऊन घडतात. अन्निका ॲरिझोनात, ग्रँटही ॲरिझोनातच, लुडविग ओबेरी टेक्सासमध्ये. पण सुरुवात गावातल्या क्लबात होते, आणि मुलीला तिथे कुणी पाहुणी समजत नाही. पैसा, हवामान, शिस्त ही सगळी कारणं सांगून झाली, तरी हे कारण उरतंच.

आपल्याकडे गोल्फ राहू द्या. गावातल्या पुढच्या कबड्डी स्पर्धेचा बॅनर लागेल, तेव्हा पुरुष गट आणि महिला गट यांच्यापुढचे बक्षिसाचे दोन आकडे तेवढे शेजारीशेजारी वाचा. मग बोलू.