उभ्या गाडीची धांव

मनुष्याची प्रकृति तो चालत असतां जितकी कळत नाहीं, तितकी तो स्वस्थ बसला असतां कळते. जुन्या मोटारीचेंही तसेंच आहे. धांवत्या गाडीच्या आवाजांत तिचे पुष्कळसे दोष लपून जातात. परंतु गाडी उभी करून अ‍ॅक्सिलरेटरवरील पाय काढून घेतला, म्हणजे एंजिन ज्या मंद गतीनें फिरत राहतें, त्या गतींत त्याची खरी प्रकृति उघडी पडते. कारागीर लोक या गतीस ‘आयडलिंग’ म्हणतात.

आमच्या घरीं पद्मिनी गाडी आहे. १९६४ सालीं मुंबईंत कुर्ल्याच्या कारखान्यांत फियाट ११०० डिलाइट या नांवानें जी गाडी तयार होऊं लागली, तिलाच १९७४ पासून पद्मिनी हें नांव मिळालें. तिचें एंजिन चार सिलिंडरांचें, १०८९ घनसेंटिमीटरांचें. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपानें ती मुंबईकरांच्या अंगवळणीं पडली होती. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस त्या टॅक्सी रस्त्यांवरून निवृत्त झाल्या. खासगी पद्मिनी मात्र कोठें कोठें अद्याप जपलेल्या आढळतात. आमची त्यांपैकींच एक होय. तीर्थरूप बाबांचें वय आज ७९ आहे, आणि दर रविवारीं आईस शेजारीं बसवून मंडईपर्यंत गाडी नेणें हा त्यांच्या आठवड्याचा सोहळा असतो.

गेल्या उन्हाळ्यांत ही गाडी उभ्या उभ्या धांवूं लागली. असल्या एंजिनानें तापल्यावर मिनिटास सुमारें ८०० फेरे घ्यावे. आमचें १५०० घेऊं लागलें. पेट्रोल व्यर्थ जळे, हें तर खरेंच. परंतु खरें भय निराळें होतें. पहिल्या गिअरमध्यें अ‍ॅक्सिलरेटरवरील पाय काढला, तरी गाडी पुढें रेटूं लागे, आणि बाबांचा रस्ता तर एका शाळेच्या दारावरून जातो. त्यांतच गाडीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाची मुदत जवळ आली होती. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं नवी करावी लागते, आणि धुराची तपासणी तर याच मंद गतींत होते. “गाडी भंगारांत द्यावी” असें घरांत सर्वजण म्हणूं लागले. बाबा कांहींच बोलले नाहींत, परंतु त्या रविवारीं ते मंडईस गेले नाहींत.

कारागिराचें मत झालें, “मास्तर, हा स्क्रू दोन आटे सोडला, कीं झालें काम.” आम्हीं त्यास हात जोडून थांबविलें. ज्वर आला असतां थर्मामीटर झटकून पारा खालीं आणतां येतो. ज्वर उतरत नाहीं. प्रथम कारण शोधावें, आणि तेंही सोप्याकडून अवघडाकडे क्रमानें शोधावें, असें आम्हीं ठरविलें.

एंजिनांत किती हवा जावी, हें थ्रॉटलची झडप ठरविते. गति वाढली, म्हणजे कोठून तरी हवा अधिक जात आहे, अथवा ठिणगी अवेळीं पडत आहे. थंड एंजिन चोकमुळें जलद फिरतें, यांत दोष नाहीं. म्हणून प्रथम गाडी पंधरा मिनिटें चालवून एंजिन तापविलें, आणि चोकची तार मूळ जागीं परतते हें पाहिलें. फेरे तेवढेच. मग अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा कार्बुरेटरपासून सोडविला, कारण गंजलेला सांधा, सैल पडलेली स्प्रिंग, अथवा पायाखालची चटईदेखील झडप उघडी धरूं शकते. झडप व्यवस्थित मिटत होती. ठिणगीची वेळ पुलीवरील खुणेशीं ताडून पाहिली. तीही बरोबर निघाली. शेवटीं कारागिराचाच तो स्क्रू पूर्ण सोडला. झडप संपूर्ण मिटली, तरी फेरे १३०० च्या खालीं येईनात! दार बंद असून घरांत वारा येतो, तेव्हां भिंतीस भेग असली पाहिजे.

भेग असली, कीं हवा फुसफुसत आंत शिरते. बाबांनीं गाडीजवळ खुर्ची मागविली, एक लांब रबरी नळी मागविली, आणि तिचें टोंक कोठें कोठें न्यावें हें सांगूं लागले. नळीचें दुसरें टोंक त्यांनीं आपल्या कानास लावलें खरें, परंतु क्षणभरानें तें मुकाट्यानें नातीच्या हातीं दिलें. गेलीं चार वर्षें त्यांना बारीक आवाज ऐकूं येत नाहींत. मग आजोबा सांगत, आम्ही पंख्यापासून हात जपून टोंक सरकवीत असूं, आणि नऊ वर्षांची मुलगी डोळे मिटून ऐके. कार्बुरेटरच्या बुडाशीं टोंक जातांच ती ओरडली, “आजोबा, इथें साप आहे!”

खात्रीसाठीं त्या सांध्यावर पिचकारीनें थोडें साबणाचें पाणी सोडलें. पाण्यानें फट क्षणभर बुजली, आणि एंजिनाचा आवाज तत्काळ खालीं आला. (कोणी या कामीं पेट्रोल वापरतात, तापल्या एंजिनावर तें आगीस आमंत्रण होय. हें सर्व उघड्या अंगणांतच करावें, कारण बंद खोलींत एंजिनाचा धूर प्राणघातक ठरतो.) कार्बुरेटर उतरविल्यावर खालचें गॅस्केट वयोमानानें करपलेलें, आणि बूड किंचित् वांकलेलें आढळलें. फटींतून शिरणाऱ्या हवेबरोबर पेट्रोल येत नाहीं, म्हणून एंजिन खरें तर अडखळावयाचें. परंतु तें लपविण्याकरितां मिश्रणाचा स्क्रू पूर्वींच कोणीतरी बराच उघडून ठेविला होता. एका दोषावर दुसऱ्याचें पांघरूण पडलें होतें, आणि दोहोंची बेरीज म्हणजे ती १५०० फेऱ्यांची धांव!

कांचेवर पॉलिशपेपर पसरून बूड घासून सपाट केलें, नवें गॅस्केट बसविलें, आणि दोन्ही स्क्रू नव्यानें लाविले. काम एका दुपारचें, खर्च अगदींच किरकोळ. फेरे ८०० वर स्थिरावले. धुराची तपासणी पार पडली, आणि नोंदणीही पुढें पांच वर्षें मिळाली.

आजच्या गाड्यांत कार्बुरेटर नाहीं. हवापेट्रोलाचें मान संगणक राखतो, आणि दोषाचा सुगावाही यंत्रच देतें. तरीही आमच्या विद्यार्थ्यांनीं हा क्रम एकदां हातानें करून पाहावा, असें आम्हांस वाटतें. लक्षण झांकणें सोपें असतें, आणि झांकलेलें लक्षण पुढें दुसऱ्याच रूपानें उभें राहतें. शिवाय दुसराही एक लाभ आहे. अनुभव एकाजवळ असतो आणि तीक्ष्ण कान दुसऱ्याजवळ. एक लांब नळी घेऊन दोघेही एकाच यंत्राशीं बसले, तर ज्यास घरांतील सर्वांनीं टाकाऊ ठरविलें होतें, त्याचेंही आयुष्य वाढतें. हें आम्ही केवळ मोटारीविषयीं म्हणत नाहीं, हें सुज्ञ पालकांस सांगणें नको.