दुपारचे दुखणे

काही दुखणी मोठी मानी असतात. ज्याने ती ओळखायची, नेमके त्याच्यासमोर ती तोंड उघडत नाहीत. रात्रभर ठणकणारी दाढ दंतवैद्याच्या खुर्चीत बसताच मौन धरते आणि मग खोटे ठरतो तो बिचारा रोगी. यंत्रांची जातही हीच. माझ्या पुतण्याच्या जुन्या मालमोटारीतला एसी गेल्या वैशाखात असाच वागत होता.

‘ट्रकला एसी?’ असे म्हणून वाचकांपैकी काहींच्या भुवया वर गेल्या असतील. आमच्या कोरीटमध्येही त्या गेल्याच होत्या. ड्रायव्हरला गारवा दिला की त्याला झोप लागते, असे एक शास्त्र आपल्याकडे फार दिवस चालत आले आहे. हे शास्त्र सांगणारे स्वतः मात्र गार खोलीत बसून दिवसभर टक्क जागे राहतात, हे नवल! खरे म्हणजे या यंत्राचा जन्म माणसासाठी झालेलाच नाही. 1902 साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत आणि रंगांचे ठसे एकमेकांवर नीट बसत नसत. म्हणून विलिस कॅरियरने हवा आटोक्यात ठेवणारे यंत्र रचले. गारवा आधी कागदाला मिळाला. 1940च्या पॅकार्ड मोटारीतून तो धनिकांना मिळाला. आणि आपल्या देशातल्या मालमोटारीच्या चालकाला तो कायद्याने मिळायला 1 ऑक्टोबर 2025 ही तारीख उजाडावी लागली. त्या दिवसापासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालमोटारींच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. तशी अधिसूचना डिसेंबर 2023 मध्ये निघाली होती. जुन्या गाड्यांना अर्थात हा कायदा लागू नाही. त्यांच्या चालकांनी डोक्याला ओला टॉवेल गुंडाळावा.

आमच्या पुतण्याने तो गुंडाळून दहा वर्षे काढली. नंदुरबारची वाळकी मिरची भरून तो सुरतेकडे जातो आणि येताना धुळ्याचा माल घेऊन कोंडाईबारीचा घाट ओलांडतो. नंदुरबारच्या पथारींवर लाल मिरचीचा गालिचा पसरलेला पाहून परगावच्या पाहुण्यांना काव्य सुचते; पण तीच मिरची पोत्यांत भरून पाठीशी घ्यावी आणि वैशाखात गाडी उभी करावी, म्हणजे काव्य कुठल्या कुठे जाते. काचा उघडाव्यात तर खकाणा, लावाव्यात तर भट्टी. म्हणून त्याने तीन वर्षांपूर्वी जुन्या गाडीला एसी बसवून घेतला. त्याची खरी मालकीण आमची वहिनी. ‘घाटात याचा डोळा लागला तर?’ या एका प्रश्नापायी तिने त्यासाठी भिशीचे पैसे काढून दिले होते.

आणि तो एसी आता रुसला होता. ‘काका, सकाळले चालस, दुपारले बंद पडस,’ पुतण्या म्हणाला. महामार्गावरच्या एका गॅरेजात त्याने गाडी सकाळी दाखवली; ती गार होती. दुसऱ्या ठिकाणी दुपारी दाखवली. तिथे बॉनेटही न उघडता ‘कॉम्प्रेसर गेला, नवा टाका’ असा निकाल मिळाला. किंमत ऐकून पुतण्याने पुन्हा टॉवेल भिजवला.

तेव्हा मी आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला गाठले. सगळे ऐकून घेऊन तो एवढेच म्हणाला, ‘जव्हय दुखस, तव्हय दखाड.’ आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी भर दोन वाजता तो कोरीटला आला. निंबाची सावली सोडून त्याने गाडी उन्हात घ्यायला लावली, पुतण्याशेजारी केबिनमध्ये बसला आणि दोघेही घाम पुसत वाट पाहू लागले. अर्ध्या तासाने हवा गरम येऊ लागली. मिस्त्रीचा चेहरा उजळला!

पुढचे काम एखाद्या न्यायाधीशाला शोभेल असे होते. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी एक चुंबकी क्लच असतो. इंजिनाच्या पट्ट्याने पुली सदैव फिरतच असते. गारवा हवा असेल तेव्हा आतल्या कॉइलमध्ये वीज येते, चुंबक समोरची ताटली ओढून पुलीला चिकटवतो आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. ताटली स्वस्थ उभी होती. मिस्त्रीने कॉइलच्या तारेला टेस्ट लँप लावला, तो पेटला. म्हणजे वीज येत होती. फ्यूज, रिले, प्रेशर स्विच सारे निर्दोष सुटले. गॅस फार कमी असता तर त्या स्विचनेच वीज तोडली असती. मग पट्ट्यापासून हात राखून त्याने ताटलीला लाकडी दांड्याने हलकेच ढकलले. टक् असा आवाज झाला आणि केबिनमध्ये गारवा वाहू लागला.

इंजिन बंद करून त्याने ताटली आणि पुली यांच्यामधली फट मोजली. सुमारे अर्धा मिलिमीटर असायची, ती झिजून मिलिमीटरच्या वर गेली होती. तांब्याची तार तापली की दर दहा अंशांना तिचा विद्युतरोध सुमारे चार टक्क्यांनी वाढतो आणि चुंबकाचा जोर कमी होतो. सकाळी तो ही फट कशीबशी ओलांडत होता. दुपारी त्याचा हात पोहोचत नव्हता. कॉम्प्रेसर धडधाकट होता. घसरून घसरून निळी पडलेली ताटली मात्र निकामी झाली होती.

दुखणे कळले, पण औषधाचे नाव कळेना. एसी मागाहून बसवलेला. गाडीच्या पुस्तकात त्याचा पत्ताच नव्हता. कॉम्प्रेसरवरची पट्टी रॉकेलच्या बोळ्याने पुसली तेव्हा ‘24 व्होल्ट’ एवढेच वाचता आले. मग मिस्त्रीने पुलीच्या खाचा मोजल्या, आठ भरल्या; कॅलिपरने व्यास घेतला, दांड्याचे दाते मोजले. उतरवलेला क्लच वर्तमानपत्रात गुंडाळून पुतण्या रेल्वेने सुरतेला गेला आणि जुन्याशेजारी नवा ठेवून, ताडून घेऊन आला. कॉम्प्रेसरच्या चौथ्या हिश्श्यात काम झाले. क्लच कॉम्प्रेसरच्या बाहेरच्या अंगाला असल्यामुळे गॅसची नळी उघडावीसुद्धा लागली नाही. कॉइल, पुली, ताटली अशा क्रमाने सारे बसवून, पातळ वॉशर घालून मिस्त्रीने फट तीन ठिकाणी तपासली.

मला राहून राहून वाटते, दुसऱ्याचे दुखणे ओळखायला ज्ञान लागते हे खरेच; पण त्याच्या उन्हात जाऊन अर्धा तास बसण्याची तयारी त्याआधी लागते. टेस्ट लँप त्या दुसऱ्या गॅरेजातही असेलच की!

वहिनीने चहा दिला आणि मजुरी विचारली. ‘घाटात चालेल ना?’ हेही विचारले. मिस्त्री म्हणाला, ‘भर दुपारी, माल भरलेला असताना घाट चढून येऊ द्या, मग द्या पैसे.’

पैसे त्याने चौथ्या दिवशी नेले.