पॉइंट टू टूला नवं काडतूस हरवणार का?

एनसीसीत फायरिंग केलेल्या प्रत्येकानं पॉइंट टू टू रायफल हाताळलीय. तिचं 'लाँग रायफल' काडतूस १८८७ चं. अमेरिकेत त्याला टक्कर द्यायला दर काही वर्षांनी नवं रिमफायर काडतूस येतं. २०२४ मध्ये विंचेस्टरनं पॉइंट टू वन शार्प आणलं. ते जुन्याला हटवेल? मला नाही वाटत.

रिमफायरमध्ये दारू पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, पिन त्या कडेवर आपटते. एकदा वाजली की ती पुंगळी पुन्हा भरता येत नाही. तिकडे मोठ्या रायफलवाले घरी काडतुसं भरतात. रिमफायरवाला मात्र कायम कारखान्याच्या दारात. कारखान्यानं हात वर केले की रायफल म्हणजे नुसतं नळकांडं! १९७० च्या सुमारास रेमिंग्टननं ५ मिमी मॅग्नम काढलं, वेगात जबरदस्त. थोड्याच वर्षांत रायफली बंद, मग काडतुसंही. घेणारे बसले बोंबलत.

पॉइंट सेव्हन्टीन एचएमआर (२००२) मात्र चाललं. हॉर्नडीनं पॉइंट टू टू मॅग्नमचीच पुंगळी तोंडाशी आवळली, त्यामुळे रायफलवाल्यांना मुख्यतः नळीच बदलावी लागली. शिवाय ते लाँग रायफलच्या वाटेला गेलंच नाही, लांबच्या छोट्या शिकारीसाठी वापरलं गेलं. त्याचा धाकटा भाऊ मॅक टू (२००४) थेट लाँग रायफलच्या आखाड्यात उतरला. वेग जास्त, पण किंमतही जास्त. मागे पडला.

शार्पमागचं कारण मात्र खरं आहे. लाँग रायफलची गोळी पुंगळीइतकीच रुंद, तिची फक्त टाच आत बसते. मऊ शिशाला हे जमतं, तांब्याला जड जातं. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. म्हणून शार्पची गोळी बारीक, पुंगळीच्या आत बसणारी. कायदा असेल तिथं ते तग धरेल. बाकी ठिकाणी लोक स्वस्त डबाच उचलणार.

आपल्याकडे तर प्रश्नच मिटतो. ५० मीटर रायफलच्या आंतरराष्ट्रीय नियमात ५.६ मिमी, म्हणजे पॉइंट टू टू लाँग रायफलच. दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं, आणि मॅचची गोळी मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवतात. नव्या काडतुसांचा वेग इथं कुणाला हवाय?

कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसमध्ये १ ऑगस्ट २०२४ ला कांस्य घेतलं, ते याच जुन्या काडतुसावर. ती मॅचची काडतुसं इंग्लंड-जर्मनीहून येतात. त्यातही प्रत्येक नळीला वेगळा लॉट मानवतो, तो शोधायलाच कितीतरी गोळ्या उडवाव्या लागतात. पदकानंतर राज्यानं १ कोटी जाहीर केले, चांगलंच झालं. पण रेंजवर आज सराव करणाऱ्या पोरांच्या घरी काडतुसांचा खर्च पदकाच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होतो. त्यासाठी जिल्ह्याच्या क्रीडा निधीत किती तरतूद आहे, हे आपल्या आमदारांना कुणी विचारलंय का?